धरणाकाठी नेलेला ओटा

निवृत्त झाल्यावर माझ्या नवऱ्यानं एका बंद पडलेल्या शाळेची जुनी मिनीबस विकत घेतली आणि तिचं फिरतं घर करायला टाकलं. हे मला कळलं तेव्हा मिनीबस वेल्डिंगच्या दुकानात उभी होती आणि तिच्यातली बाकं उपटून झाली होती. "सांगणारच होतो, पण म्हणलं, पूर्ण झाल्यावरच दाखवावं," असं त्यांचं म्हणणं.

एका संध्याकाळी त्यांनी मला स्कूटरवर बसवून परभणीतल्या वसमत रोडवरच्या त्या दुकानात नेलं. पिवळा रंग घासून मिनीबसला पांढरा रंग दिला होता, तरी मागच्या बाजूला शाळेच्या नावातली एक-दोन अक्षरं पुसट दिसत होती. आत पलंग होता, कपाटं होती, छताला छोटा पंखा होता. पण त्यांनी पलंग दाखवला नाही, पंखाही लावून दाखवला नाही. माझा हात धरून ते थेट मधल्या खिडकीखाली घेऊन गेले. तिथं स्टीलचा ओटा होता.

"हे बघ. शेगडी. सिंक. खाली डबे ठेवायला कप्पे. खास तुझ्यासाठी करून घेतलंय."

वेल्डिंगवाला दस्तीनं हात पुसत मागं उभा होता. तो म्हणाला, "म्याडम, साहेबांनी लय जीव लावून काम करून घेतलं बघा. तुमच्या घरच्या ओट्याची उंची मोजून आणली त्यांनी. तुमची कंबर दुखू नये म्हणून."

मी "छान झालंय" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? माणूस आनंदानं फुलून आला होता. पण स्कूटरवर मागं बसून घरी येताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. या बसमध्ये मी कुठं उभी राहणार, हे फूटपट्टी लावून ठरलं होतं. मी कुठं बसणार, हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायचे. नोकरीची सगळी वर्षं पहाटे उठून स्वयंपाक, मग शाळा, शाळेतून आल्यावर पुन्हा स्वयंपाक. जगातली सरोवरं मी मुलींकडून पाठ करून घेतली, नकाशात भरून घेतली. स्वतः मात्र आमच्याच जिल्ह्यातलं येलदरीचं धरण सहलीच्या बसमधून, मुली मोजत मोजत पाहिलेलं. निवृत्तीनंतर मला फार काही नको होतं. कुठंतरी पाण्याकाठी जाऊन बसावं, आणि जेवायची वेळ झाली की कुणीतरी हाक मारावी. एवढंच. ही इच्छा मी नवऱ्याला बोलून दाखवली होती. त्यातलं पाणी त्यांना ऐकू आलं. पुढचं नाही आलं.

ते पाटबंधारे खात्यात होते. "आयुष्यभर कालव्याला पाणी सोडलं आणि बंद केलं, पण पाण्याकाठी निवांत असं बसलोच न्हाई," असं ते नेहमी म्हणायचे, आणि ते खरंही होतं. माणूस वाईट नाही. दारू नाही, आरडाओरडा नाही, माझ्या नोकरीला कधी आडवे आले नाहीत. त्यामुळं माझ्या रागाला कुठं जागाच उरली नव्हती. मी कुणाकडं कुरकुर केली की समोरची बाई म्हणणार, तुझं बरंय गं बाई. आणि मग मी गप्प बसणार.

दसरा झाल्यावर आम्ही येलदरीला निघालो. धरण तुडुंब भरलंय, हवा सुटलीय, याहून चांगला मोसम नाही, असं त्यांनी सगळ्यांना फोन करून सांगितलं. त्यांची तयारी म्हणजे गाडीत तेल टाकणं आणि हवा भरणं. माझी तयारी म्हणजे ज्वारीचं पीठ, तांदूळ, डाळी, तेल, तिखट, मीठ, मसाल्याचा डबा, कुकर, तवा, परात, पोळपाट-लाटणं, चाळणी, उलथनं, झाकण्या. एक घर हलवायचं म्हणजे काय, ते सामान भरणाऱ्यालाच कळतं. ते खाली उभे राहून शेजाऱ्यांना टायर दाखवत होते.

झरी गाव मागं पडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी सोयाबीनची मळणी चालली होती, भुसा उडत होता. कापूस फुटायला लागला होता. पुढच्या सीटवर बसून खिडकीतून ते सगळं बघताना मी खरंच खुश होते. बोरीला एक हॉटेल दिसलं, बाहेर मोठी कढई, भज्यांचा वास. मी म्हणाले, "थांबा ना. चहा घेऊ."

ते हसले. "अगं, घर सोबत असताना हॉटेलात कामून?"

आणि गाव ओलांडून एका लिंबाखाली त्यांनी गाडी लावली, सीट मागं ढकलली आणि पाय लांब केले. मी मागं जाऊन चहा टाकला. भज्यांचा वास अजून नाकात होता.

धरणाच्या कडेकडेनं एक कच्चा रस्ता जातो. पाणी खरोखर काठोकाठ भरलं होतं. काठावरच्या बाभळी गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या, त्यांच्या फांद्यांवर पाणकावळे पंख पसरून बसले होते. पलीकडचे डोंगर अजून हिरवे होते आणि आभाळ इतकं धुतलेलं, की बघतच राहावं. नवऱ्यानं पाण्याच्या अगदी जवळ, एका सपाट जागेवर गाडी लावली. फोल्डिंगच्या दोन खुर्च्या काढल्या. एकीवर ते बसले. दुसरी माझी. मी तिच्यावर पर्स ठेवली, तेवढ्यात ते म्हणाले, "काहीतरी गरम कर की. भूक लागायलीय."

त्या खुर्चीवर माझी पर्सच बसून राहिली.

सकाळी लवकर जाग आली. खिडकीतून पाण्यावर धुकं दिसत होतं. मी दार उघडून एक पाय पायरीवर ठेवला आणि मागून आवाज आला, "उठलीस का? चहा टाक, मग निवांत बसू." मी मागं फिरले. चहा होईस्तोवर धुकं गेलं. निवांत बसणं म्हणजे ते बाहेर खुर्चीत, आणि मी आत पोह्यांना कांदा चिरत. ओट्यासमोरची खिडकी वहीच्या पानाएवढी. त्या पानातून मला पाण्याची एक पट्टी दिसत होती आणि त्यांच्या डोक्याचा मागचा भाग.

मग माणसं यायला लागली. जाणाऱ्या-येणाऱ्या मोटारसायकली थांबू लागल्या. त्यांना कुणी काही विचारायची खोटी, ते उठून गाडी दाखवायचे. "या, या, आत या. हा पलंग, हे कपाट. हा ओटा." मी ओट्यापाशी उभी असायची, म्हणून लोक ओट्याबरोबर मलाही बघायचे. नंतर हमखास ठरलेलं वाक्य: "अगं, पाहुण्यांना चहा टाक." घरी निदान दाराला कडी तरी लावता येते. इथं जो रस्त्यानं जाईल तो पाहुणा. दुपारपर्यंत दूध संपलं. मला इतकं बरं वाटलं! तर ते जवळच्या वस्तीवर जाऊन किटली भरून घेऊन आले. पायी गेले, पायी आले, घामाघूम झाले. आणि ते दूध माझ्यापुढं ठेवताना त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान होतं, जसं काही मीच मागवलं होतं.

उन्हं कलायला लागल्यावर मेंढरांचा कळप आला. पुढं मेंढरं, मागं घोड्यावर सगळं बिऱ्हाड लादलेलं, आणि त्याच्यासोबत चालणारी एक बाई. माझ्यापेक्षा वयानं लहान, पण आवाज खणखणीत. आमच्या गाडीपाशी येऊन मेंढरं अडली आणि नुसता गोंधळ उडाला. ती बाई माझ्या खिडकीखाली येऊन ओरडली, "ओ बाई! गाडी कुटं लावलाव? मेंढरं पाण्याला उतरायची कुटून?"

मी बाहेर आले. खरंच होतं. बाकी सगळीकडं काठ तुटलेला, चिखलाचा. उतरायला एवढी एकच चांगली जागा, आणि तीच आम्ही अडवलेली. पण दिवसभराचा माझा राग तयारच होता, तो तिच्यावर निघाला. मी म्हणाले, "माझ्यावर कशाला ओरडता? गाडी मी लावली नाही."

"मग कुनी लावली त्याला सांगा की."

"तुम्हीच सांगा. ते काय तिथं बसलेत."

ती तरातरा त्यांच्याकडं गेली. ते खुर्चीतून उठून तिला समजावून सांगू लागले, की थोडं पुढं गेलं तर दुसरी जागा असेल, मी खात्यात होतो, मला हा सगळा काठ माहीत आहे. तिनं त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. "तुमी खात्यात असाल न्हाईतर कुटंबी असाल. जनावर तानेलं हाय. काढा गाडी." त्यांनी निमूट गाडी मागं घेतली. आत शेगडीवरचं पातेलं कलंडलं आणि वरण सगळ्या ओट्यावर पसरलं.

मेंढरं पाणी पीत होती तोवर ती पायरीपाशी आली. मी ओटा पुसत होते. तिनं आत डोकावून पाहिलं आणि हसलीच. "या डब्यात शिजवायलाव व्हय? बाई बाई, केवढं उकडायलंय. आमी तरी भाईर शिजवतो, वारं तरी लागतं."

ती सहज बोलली होती. पण माझ्या अंगाचा भडका उडाला. तिनं माझी कीव केलेली मला सहन झाली नाही, आणि ती खरं बोलत होती हे त्याहून सहन झालं नाही. मी म्हणाले, "तुम्हाला तरी कोण वाढून देतंय बाहेर?"

"कोन देनार?" ती म्हणाली. तिचं हसू गेलं. ती मेंढरांमागं निघून गेली. मला वाटलं होतं, तिला बोलून बरं वाटेल. नाही वाटलं. आपण ज्याला बोलायचं त्याला सोडून भलत्याच बाईला बोललो, याचाच आणखी संताप आला.

दुसऱ्या दिवशी खात्यातले त्यांचे जुने सहकारी जिंतूरहून मोटारसायकलींवर आले. हे मला माहीत नव्हतं. ते आल्यावर नवरा म्हणाला, "अगं, सांगायचंच राहिलं. यांना जेवायला बोलावलंय. काही विशेष नको. पिठलं-भाकरी, ठेचा." काही विशेष नको! ज्यानं कधी पिठल्याच्या गुठळ्या मोडल्या नाहीत, त्यालाच हे शब्द इतक्या सहज सुचतात.

ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर तापत होतं. पंखा नुसताच आवाज करत होता. ओट्यावर परात मावत नव्हती, म्हणून मी ती पलंगावर ठेवून वाकून पीठ मळत होते, भाकरी ओट्यावर थापत होते, आणि वळून तव्यावर टाकत होते. घाम डोळ्यात जाऊन डोळे चुरचुरत होते. बाहेर बाभळीच्या सावलीत सतरंजी अंथरली होती, दोन्ही खुर्च्या भरल्या होत्या, जुन्या साहेबांच्या नकला चालल्या होत्या. मधूनच ते उठून आले, दारात उभे राहून माझा फोटो काढला आणि परत गेले.

"वहिनी, येऊ द्या गरम गरम!"

"अगं, ठेचा संपला."

"वहिनींच्या हाताला चव हाय बरं का. बायको असावी तर अशी."

या शेवटच्या वाक्याला तव्यावरची भाकरी अर्धवट फुगली होती. मी गॅस बंद केला. हात धुतले, पदराला पुसले आणि बाहेर जाऊन पायरीवर उभी राहिले.

नवरा म्हणाला, "आणखी दोन-चार टाक की. पोट भरलं न्हाई यांचं."

"पीठ मळलेलं आहे. तवा तापलेला आहे. तुम्ही टाका."

सगळे हसले. एक जण म्हणाला, "वहिनी लय गमतीच्या हायेत."

"मी गंमत करत नाही." माझा आवाज शाळेतला झाला होता. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "मी इथं आल्यापासून एकदाही या पाण्यापाशी बसलेले नाही. मला बसायचंय. ती खुर्ची माझी आहे. उठा."

खुर्चीवरचा माणूस ताटासकट उठून उभा राहिला. तेव्हा माझ्या नवऱ्यानं सगळ्यांकडं बघून हसत, अगदी प्रेमानं म्हटलं, "ऊन लागलंय तिला. जा गं, आत पड जरा. बरं वाटंल."

ते चिडून बोलले असते, तर कदाचित मी भांडले असते आणि मग तिथंच राहिले असते. पण त्यांनी माझा राग उचलून उन्हाच्या खात्यात टाकला, आणि सगळ्यांच्या माना "हां, हां, ऊन फार आहे" अशा हलल्या. मी म्हणाले, "मला ऊन लागलेलं नाही. मला राग आलाय. तुमचा." मग आत जाऊन पर्स घेतली, चपला घातल्या आणि रस्त्याला लागले.

"अगं, कुठं निघालीस?"

"वालूरला. अक्काकडं."

ते मागं आले नाहीत. पाहुणे जेवत होते ना.

थोडं चालल्यावर जिंतूरला जाणारा ऑटो मिळाला. आत दाटीवाटीनं बसले, तोच पर्समधला फोन वाजायला लागला. घरच्या ग्रुपवर त्यांनी माझा फोटो टाकला होता. मी वाकलेली, कपाळावर घाम, हातात भाकरी, मागच्या खिडकीत धरणाचं पाणी. खाली लिहिलं होतं, 'धरणाकाठी घरचं जेवण. यापेक्षा सुख ते काय!' नणंदेनं हात जोडले होते. पुण्याहून लेकीनं लिहिलं होतं, 'आई, किती लकी आहेस तू!' एकामागोमाग एक फुलं, बदाम, अंगठे येत होते. मी त्या हादरणाऱ्या ऑटोत बसून ते सगळं वाचलं. मी सगळ्यांच्या खाली लिहिलं, 'फोटोतली बाई गाडीतून उतरून निघून गेली आहे.'

वालूरला अक्काच्या दारात पोचले तेव्हा ती अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. माझी थोरली बहीण. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भाकरीवरनं कोन घर सोडतं का गं? एवढी शिकलेली तू."

"घर नाही सोडलं अक्का. बस सोडली."

"त्यांनी तुला फिरायला नेलं, त्याचं काहीच न्हाई का? आमाला तर दारातनं कुनी नेलं न्हाई."

तिच्याशी मी वाद घातला नाही. मी दारातल्या ओट्यावर बसून राहिले, आणि जरा वेळानं आतून हाक आली, "ये, वाढलंय, जेवून घे." इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ती हाक. मारली कुणी, तर दुखऱ्या गुडघ्यांवर हात टेकत उठणाऱ्या माझ्या म्हाताऱ्या बहिणीनं. मला हाक हवी होती, पण ती आणखी एका बाईच्या गुडघ्यांवर उभी राहिलेली नको होती. मी तिला बळंच खाली बसवलं आणि तिचं ताट वाढलं. तेव्हाही ती म्हणालीच, "बघ, आलीसच ना चुलीपाशी."

नवऱ्याचा पहिला फोन आला. मी कान टवकारून घेतला. ते म्हणाले, "मिठाचा डबा कुठाय?"

मी फोन ठेवला. पुढच्या वेळी त्यांनी विचारलं, डाळीला शिट्ट्या किती. त्यानंतर म्हणाले, "इथं एकट्याला करमंना गेलंय." मी म्हणाले, "मग जेवा आणि बसा पाण्याकाठी. तुमची हौस होती." ते म्हणाले, "जेवलो जिंतूरला. भांडी तशीच पडलीत. वास यायलाय."

काही दिवसांनी मिनीबस अक्काच्या गल्लीत येऊन उभी राहिली. गल्लीतली सगळी पोरं, बायामाणसं गोळा झाली. ते उतरले, दाढी वाढलेली, शर्टावर हळदीचा डाग. लोकांनी आत बघू द्या म्हटलं, तेव्हा पहिल्यांदाच त्यांनी दार लावून घेतलं. अक्कानं त्यांना पाणी दिलं, खाऊ घातलं, माझ्या वतीनं माफीही मागितली. ती माफी ऐकून मी आतून ओरडले, "अक्का, माझी माफी माझ्याजवळ आहे, तू वाटू नकोस."

निघताना ते म्हणाले, "चल. झालं गेलं जाऊ दे."

"माझं काही झालेलं नाही आणि गेलेलंही नाही," मी म्हणाले, आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. परभणीत शिरल्यावर मी सांगितलं, "आधी वसमत रोडला घ्या. वेल्डिंगच्या दुकानात." त्यांना वाटलं, कपाटाची कडी ढिली झालीय ती बघायची असेल. त्यांनी गाडी घेतली.

मी वेल्डिंगवाल्याला आत नेलं आणि म्हणाले, "हा ओटा काढा. शेगडी, सिंक, कप्पे, सगळं. इथं मला एक बाक करून द्या, आणि ही खिडकी मोठी करा."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून मागं, दारात उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याकडं पाहिलं. "साहेब?"

"साहेबांकडं बघू नका. मी सांगायलेय तुम्हाला."

"हो म्याडम, पन साहेबांनी एवढं हौसेनं…" तो जागचा हलेना. पाना हातात होता, पण हात खाली. मी पुन्हा सांगितलं. तो पुन्हा त्यांच्याकडं बघत राहिला. शेवटी माझा नवरा म्हणाला, "काढा."

आणि तो लगेच कामाला लागला.

त्या सगळ्या सहलीत मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल, तर त्या एका शब्दाचा. माझ्या दहा वाक्यांनी जो बोल्ट हलला नाही, तो त्यांच्या एका शब्दानं हलला. मी जिंकले होते, तरी ते जिंकणं त्यांनी मला दिलं होतं, हातात ठेवलं होतं, त्या दुधाच्या किटलीसारखं. मी दुकानाबाहेर जाऊन रस्त्याकडं तोंड करून उभी राहिले. आतून स्टील कापल्याचा आवाज येत होता. ते बाहेर येऊन माझ्याजवळ उभे राहिले.

पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर आम्ही पुन्हा गेलो. बाकावर बसून मी मोठ्या खिडकीतून पाहिजे तेवढं पाणी पाहिलं. चहा हॉटेलात घेतला, जेवण जिंतूरच्या खानावळीत. ते कुणालाही गाडी दाखवत नव्हते. दाखवण्यासारखं तिच्यात आता काही उरलं नाही, असं त्यांना वाटत असावं. एक-दोनदा म्हणाले, "इथं बसून पिठलं खायला काय मजा आली असती." मी म्हणाले, "शिका." त्यांनी विषय बदलला.

पण ते गप्प बसणारे नव्हेत. काही महिन्यांनी ताडकळसला त्यांच्या चुलतभावाकडं वास्तुशांत होती. मांडवात पुरुषांची पंगत बसली होती आणि मी बायकांबरोबर वाढत होते. त्यांनी किस्सा सुरू केला. "आमच्या बाईसाहेबांनी तर चक्क गाडीतलं स्वयंपाकघर कापून काढलं! भाकरी करायचा कंटाळा, दुसरं काय." पंगत खदाखदा हसली. ते हसत हसत माझ्याकडं बघत होते, जसं काही मीही हसणार होते.

मी हातातलं भाजीचं भांडं खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं. बोरीची भजी, मोजून आणलेली ओट्याची उंची, पर्स बसलेली खुर्ची, ऊन लागलंय म्हणणं, ग्रुपवरचा फोटो, वेल्डिंगवाल्याचं "साहेब?". घाई केली नाही आणि आवाजही चढवला नाही. पंगतीतलं हसणं हळूहळू थांबलं. पत्रावळीवरचे हात थांबले. माझ्या मागं वाढणाऱ्या बायका उभ्या होत्या, त्यांच्यातली एकही पुढं सरकली नाही. कुणीतरी "मठ्ठा आणा" म्हणालं, तरी सरकली नाही.

परत येताना स्कूटरवर पिंगळीच्या फाट्यावर ते म्हणाले, "सगळ्यांसमोर तू मला लय वाईट दाखवलंस."

"जे झालं ते सांगितलं."

"मी एवढा वाईट हाय का?"

मी उत्तर दिलं नाही. हो म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं, आणि नाही म्हटलं असतं तर त्यांनी सुटकेचा श्वास टाकला असता, माझ्या रागाचं पुन्हा एकदा ऊन झालं असतं. ते सुटावेत असं मला वाटत नव्हतं. अजूनही वाटत नाही. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बसले होते, कारण रस्ता खराब होता आणि स्कूटर खड्ड्यांतून उडत होती.